सार सांगा, मग पुस्तक न्या

फार फार वर्षांपूर्वी, राजेसुद्धा अधूनमधून लोकांचं ऐकून घेत असत, तेव्हाची ही गोष्ट. एका रुंद नदीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात फक्त मोठ्या माणसांसाठी बांधलेलं एक ग्रंथघर होतं. मुलांसाठी पाठशाळा सगळीकडेच असतात. पण शेत, दुकान आणि चूल सांभाळणाऱ्या माणसालाही कधीतरी पुस्तक हाती घ्यावंसं वाटेल, हे त्या राज्याच्या एका राणीच्या मनात आलं. ती स्वतः चाळिशीत अक्षरं शिकली होती, त्यामुळे त्या भुकेची तिला कल्पना होती.

ग्रंथघर पहिल्यांदा सांभाळलं ते एका बाईने. तिला सगळे मावशी म्हणत. मावशी ग्रंथघरात कमी आणि नदीच्या धक्क्यावर जास्त सापडायची. पैलतीराला जाणारी माणसं तिथे नावेची वाट बघत बसलेली असत. मावशी त्यांच्यात जाऊन बसे, मांडीवर पुस्तक उघडी आणि वाचू लागे. नाव काठाला लागली की पुस्तक मिटे. गोष्टीतला राजपुत्र विहिरीत लोंबकळत असला तरी मिटे. पुढे काय झालं, असं लोक चिडून विचारत. "पुढचं घरी ठेवलंय," मावशी म्हणे. "परत आलात की या."

आणि लोक येत. साळी येई, तेलीण येई, मिरच्यांचा व्यापारी येई. कुणी पुस्तक नेऊन महिनाभर उशाशी ठेवी, कुणी शेवटची चार पानंच वाचून परत करी, कुणी नुसती चित्रं बघे. मावशी कुणाला काही विचारत नसे.

यात सगळ्यात जास्त हाल व्हायचे ते नावाड्याचे. तो काठाला येई आणि गोष्ट थांबे. वर्षानुवर्षं त्याच्या वाट्याला प्रत्येक गोष्टीची दोन वाक्यं आली, तीही मधलीच. अखेर हा छळ सोसवेना, तेव्हा पंचेचाळिसाव्या वर्षी तो मावशीकडून अक्षरं शिकला. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचा. समुद्रप्रवासाचं एक जाडजूड पुस्तक त्याने धरलं होतं. दुपारी उतारू नसले की नाव झाडाला बांधून तो त्यात शिरायचा. नदी ओलांडण्यापलीकडे कधी कुठे न गेलेला तो माणूस रोज तासभर समुद्रावर असे.

पुढे मावशी वारली आणि राजधानीहून नवा ग्रंथपाल आला. ही गोष्ट त्याची आहे, म्हणून त्याच्याविषयी आधीच सांगून टाकलेलं बरं. माणूस वाईट नव्हता. तो हात धुतल्याशिवाय पुस्तकाला शिवत नसे. एखाद्या पानाला कसर लागलेली दिसली की त्याला जेवण जात नसे. पुस्तकांवर त्याच्याइतकं प्रेम करणारा त्या गावात दुसरा कुणी नव्हता, आणि खरं दुखणं तेच होतं.

पहिल्याच आठवड्यात तेलिणीने एक पुस्तक परत आणलं. पानांवर हळदीची बोटं उमटलेली होती. ग्रंथपालाने तिला पुस्तकात काय होतं ते विचारलं. ती हसली आणि म्हणाली, कुणास ठाऊक, पण वाचता वाचता झोप फार छान लागते. ग्रंथपालाच्या काळजाला घरं पडली. शहाण्या माणसांनी जन्म वेचून लिहून ठेवलेलं हे धन, आणि माणसं त्यात पाय धुतायत, असं त्याला वाटलं.

त्याने दारावर स्वतःच्या सुरेख अक्षरांत एक फळी लावली. 'सार सांगा, मग पुस्तक न्या.' पुस्तक परत करणाऱ्याने समोरच्या पाटावर बसायचं. त्याला तीन प्रश्न. गोष्टीचं सार काय? त्यातून काय शिकलात? ते आयुष्यात कसं उतरवाल? उत्तरं आली तर नवं पुस्तक. नाही आली तर तेच पुस्तक पुन्हा घरी. यात कुणाला छळायचा हेतू नव्हता. एकेका पुस्तकातलं सगळं सत्त्व माणसाच्या अंगी लागावं, एवढीच त्याची इच्छा होती.

लोक त्याला गुरुजी म्हणू लागले. त्याला ते आवडलं. खरं तर तिथेच त्याने सावध व्हायला हवं होतं.

मिशा पिकलेला साळी पाटावर बसला आणि चावडीवर उभं केल्यासारखा घामाघूम झाला. मागे थांबलेली माणसं तोंडाला पदर नि उपरणी लावून हसली. साळी पुन्हा आला नाही. तेलिणीने पुस्तक शेजारणीबरोबर पाठवून दिलं. मिरच्यांचा व्यापारी मात्र हुशार. पुस्तक कोणतंही असो, तो ठोकून देई, "सार हेच की माणसाने गर्व करू नये." दर वेळी तो उत्तीर्ण होई. पण न वाचताच उत्तीर्ण होता येतं म्हटल्यावर पुस्तक न्यायचं तरी कशाला, असं त्याच्या ध्यानात आलं आणि तोही यायचा थांबला.

ग्रंथपालाने मनाची समजूत घातली की पाखडल्यावर फोल उडून जातं, दाणा मागे राहतो. तो दाण्याची वाट बघत बसला.

शेवटी राहिला नावाडी. तो तीनदा पाटावर बसला. पहिल्यांदा त्याने वादळाचा सगळा प्रसंग हातवारे करून सांगितला, पण ते सार नव्हतं. दुसऱ्यांदा त्याने बायकोला समोर बसवून तयारी केली होती, तरी आयत्या वेळी वाचा बसली. तिसऱ्यांदा त्याने मनात होतं तेच सांगून टाकलं.

"मजा आली, गुरुजी," तो म्हणाला. "जहाज फुटलं तवा मला दोन दिस भाकर ग्वाड लागली न्हाई."

"मजा हे उत्तर नव्हे," ग्रंथपाल म्हणाला, तेही अगदी मायेने, आणि तेच पुस्तक त्याने पुन्हा त्याच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक ग्रंथघराच्या पायरीवर स्वच्छ कापडात बांधून ठेवलेलं सापडलं. त्यानंतर ग्रंथघराच्या दारात कुणाचीही चप्पल दिसली नाही.

असे दोन पावसाळे गेले. मग राजाचा निरोप आला. हा राजा त्या जुन्या राणीचा नातू. घोडदळाचं गवत पावसात कुजत होतं आणि नदीकाठी कोरडं छप्पर असं या ग्रंथघराचंच होतं, तेव्हा ते गवतासाठी हवं होतं. पण आजीची आठवण म्हणून राजाने एक संधी दिली. येत्या पौर्णिमेला तो स्वतः येणार होता. त्या दिवशी गावातल्या दहा मोठ्या माणसांनी आपणहून येऊन मनातलं पुस्तक मागितलं, तर ग्रंथघर राहील. नाहीतर तिथे गवत भरलं जाईल.

ग्रंथपालाने फळी उतरवली, पाट चुलीत घातला आणि तो घरोघर फिरला. आता कुणाला काही विचारणार नाही, असं हात जोडून सांगत राहिला. लोकांनी त्याला पाणी दिलं, गूळ दिला, येतो म्हणून सांगितलं. त्यांच्या त्या आदबीनेच तो मनातून खचत गेला. मग तो मावशीसारखा धक्क्यावर जाऊन बसला आणि वाचू लागला. लोक बोलता बोलता गप्प झाले. पाठ ताठ करून, नजर खाली घालून बसले. नाव लागली तेव्हा त्याने मुद्दाम ऐन रंगात पुस्तक मिटलं. पुढे काय झालं, असं एकाही माणसाने विचारलं नाही. सगळे उठले, त्याला नमस्कार करून सुटल्यासारखे नावेत चढले.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो नावाड्याकडे गेला. समुद्राचं पुस्तक त्याने बरोबर नेलं होतं. ते त्याने नावेच्या फळीवर ठेवलं.

"हे तुमचंच आहे," तो म्हणाला. "मी चुकलो. आता एक शब्द विचारणार नाही."

"तुमी इचारनार न्हाई, ह्ये ठाऊक हाय मला."

"मग उद्या या. दहा नाही जमले तरी चालेल, तुम्ही या."

नावाड्याने पुस्तकावरचं पाणी धोतराच्या सोग्याने पुसलं.

"मी एका उतारूकडनं दुसरं पुस्तक मागून आनून घरी वाचायला बसलो हुतो, गुरुजी. पर एक वळ वाचली की तुमचा आवाज येतो. ह्यातनं काय शिकलास? मग म्या शिकायचं काय ते हुडकीत बसतो. समुद्र दिसतच न्हाई." त्याने पुस्तक उचलून ग्रंथपालाच्या हातात दिलं. "तुमचा राग न्हाई. पर आता दिसत न्हाई."

ग्रंथपाल तिथून उठला तेव्हा त्याला सगळं कळलं होतं. कळून आता काडीचा उपयोग नव्हता, हेही कळलं होतं.

पौर्णिमेला राजा आला. गावातली चार माणसं आली, तीही भिडेखातर. राजाने एकेकाला मायेने विचारलं की कोणतं पुस्तक हवंय. साळी म्हणाला, कोणतंही द्या. तेलीण म्हणाली, कोणतंही चालेल. उरलेल्या दोघांनीही तेच सांगितलं. नावाडी आला नव्हता.

"ज्याला कोणतंही चालतं, त्याला कोणतंच नको असतं," राजा खाली मान घालून म्हणाला. आजीचं घर मोडताना त्यालाही वाईट वाटत होतं, पण शब्द म्हणजे शब्द.

आठ दिवसांत पुस्तकं बैलगाड्यांत घालून राजधानीला गेली आणि तिथल्या कोठारात कुलूपबंद झाली. ग्रंथघरात छपरापर्यंत गवत भरलं. गावाने हळहळ केली नाही, कारण आपलं काही गेलं असं कुणाला वाटलंच नाही. ग्रंथपालाला त्याचंच सर्वांत जास्त रडू आलं.

राजाने त्याला एक पुस्तक स्वतःसाठी ठेवून घ्यायला सांगितलं होतं. त्याने समुद्राचं ठेवलं. गाव सोडून जाताना तो नदीकाठच्या वडाखाली बसला आणि त्याने ते उघडलं. तरुणपणी त्याने ते एका बैठकीत वाचलं होतं, भूकतहान विसरून. आता त्याने पहिलं पान वाचलं, आणि पान संपताच त्याच्या आत कुणीतरी विचारलं, सार काय? त्याने दुसरं पान वाचलं. काय शिकलास? त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. जहाज कुठेच दिसेना. त्याने पुस्तक मिटलं आणि ते पुढे त्याने आयुष्यात कधी उघडलं नाही.

तात्पर्य: मोठ्या माणसाच्या हाती पुस्तक द्यावं आणि आपण बाजूला व्हावं; जो वाचणाऱ्याची परीक्षा घेतो, तो त्याचं वाचणं घालवतो आणि शेवटी स्वतःचंही.