वार कुणाच्या अंगणात

"मग ही वार पुरायची तरी कुठं, भंते?"

सारिननं मांडीवरचं मडकं खाली ठेवलं नाही. पहाटे त्याला मुलगा झाला होता, आणि बाळामागून पडलेली वार मीठ लावून, केळीच्या पानात बांधून त्या मडक्यात ठेवली होती.

मेकाँग नदीच्या काठावरच्या छोट्या विहारात म्हातारे भंते खेम चटईवर सुपारी कातरत बसले होते.

"तुमच्यात कुठं पुरतात?"

"आम्हा ख्मेर लोकांत घराच्या अंगणात. माझी बायको थाओ व्हिएतनामी, त्यांच्यातही अंगणातच. जिथं वार, तिथलं मूल."

"मग अडलं कुठं?"

खरं तर सारिन असा अडणारा माणूस नव्हे. नदीच्या दोन्ही काठांच्या रिती त्याला तोंडपाठ. सासरा वारला तेव्हा त्यानं कपाळाला पांढरी पट्टी बांधून त्याला पुरलं, आणि स्वतःचा बाप गेला तेव्हा मुंडण करून चिता पेटवली. कुणाला बोट ठेवायला जागा ठेवली नाही. लोक त्याला विचारायला येत आणि तो जरा मान ताठ करूनच उत्तरं देई. आज मात्र तोच विचारायला आला होता.

"लग्नापासूनच घोळ आहे, भंते. आमच्यात नवरा बायकोच्या घरी राहायला जातो. त्यांच्यात बायको नवऱ्याच्या घरी येते. दोन्ही आयांचं मन राखायचं म्हणून आम्ही नदीवर तरंगतं घर बांधलं. तिथं माती कुठली आणायची?"

"आया काय म्हणतात?"

"माझी आई म्हणते, मूल मुलीकडचं, त्यांच्या अंगणात पूर. सासू म्हणते, मूल बापाकडचं, तुमच्या अंगणात पूर. सकाळपासून नुसती होडी वल्हवतोय. या काठावरून त्या काठावर..."

अडकित्ता थांबला.

"नातवंडासाठी भांडणाऱ्या आज्या खूप पाहिल्या. पण दुसरीकडं ढकलणाऱ्या..."

सारिन मडक्याच्या काठावरून बोट फिरवत राहिला.

"पहिल्या मुलीची वार कुठं पुरली होती?" भंतेंनी हळूच विचारलं.

"आमच्याच, आईच्या अंगणात, मीच... पावसाळ्यात तिला ताप आला आणि गेली. सासू म्हणाली, जागा चुकली. तेव्हापासून आई अंगणाच्या त्या कोपऱ्यात झाडूसुद्धा मारत नाही."

"म्हणजे रीत आडवी आली नाही. दोघी घाबरल्यात."

"मीही घाबरलोय, भंते. फार घाबरलोय. पुन्हा माझ्याच हातून चूक झाली तर? तो नीट दूधही ओढत नाही अजून. म्हणून म्हणतो, इथं विहारातच पुरू द्या. इथं कुणाला बोल लागणार नाही."

"बरं."

भंते उठले. त्यांनी बसायची चटई गुंडाळली आणि खालच्या जमिनीकडं बोट दाखवलं.

"खण. आम्हा भिक्खूंना जमीन खणायची मनाई आहे."

सारिनच्या जिवात जीव आला. मडकं बाजूला ठेवून तो करवंटीनं खणू लागला. माती भुसभुशीत होती, आधीही कुणी खणल्यासारखी. बघता बघता खड्डा झाला.

"आण इकडं." भंतेंनी दोन्ही हात पुढं केले. "एकदा पुरली की मूल विहाराचं. दूध तुटलं की आणून सोड. नाव आम्ही ठेवू. जगला तर आमचा, गेला तर आमचा. तुझ्या जिवाला घोर नको."

सारिननं मडकं उचललं. पुढं केलं...

पण हातातून सोडवेना.

"काय झालं? हेच मागायला आलास ना?"

"हो, पण..."

भंतेंनी मडक्याला हात लावला तसा तो दोन पावलं मागं सरला. मडकं त्यानं छातीशी घट्ट धरलं.

"नाही देणार! त्याचं बरं होवो, वाईट होवो, बोल लागायचा तर मला लागू दे. माझा मुलगा आहे तो!"

विहारात आपण ओरडलो हे लक्षात येऊन सारिन ओशाळला. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात मोकळा नव्हता.

भंतेंनी खड्ड्यावरच चटई पुन्हा अंथरली आणि अडकित्ता हातात घेतला.

"सकाळपासून 'माझा' असं पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं."