वाघचौरेशेठचं सरळ दार

सकाळी सव्वानऊला आमच्या जीपचं नवं दार घाटातल्या पहिल्याच वळणावर आपोआप उघडलं. दाराशी माझी चार वर्षांची मुक्ता बसलेली. मी तिचा फ्रॉक धरला म्हणून बरं, नाहीतर पुढचं मला लिहवत नाही.

ह्यांनी जीप तशीच मागे फिरवली. काल हे दार बसवून देणारे गॅरेजवाले वाघचौरेशेठ म्हणजे बडं प्रस्थ. त्यांनी जीप पुन्हा कालच्याच जागी उभी करायला लावली आणि दोन बोटांनी दार ढकललं. टक्कन बसलं!

"बघा वहिनी, माझं दार सरळ आहे. वाकडा तुमचा घाट, आणि भित्रा तुमचा जीव."

चहा पीत बसलेली माणसं हसली. मी दार ओढून बघितलं, तर खरंच घट्ट. आता परत ह्याच दाराशी पोरीला बसवायचं? तेवढ्यात मुक्ता जीपखाली शिरायला लागली. तिला ओढायला वाकले, तर मागचं एक चाक चांगलं वीतभर दगडावर चढलेलं! म्हणजे काल दार बसवलं तेही तिरक्या जीपवरच, चौकट पिळलेली असताना; चाक दगडावरून उतरलं की चौकट सरळ आणि दार वाकडं.

मी म्हटलं, "शेठ, दार झकास आहे. फक्त हा दगड तेवढा चाकाला कायमचा बांधून द्या. म्हणजे घाटातही असंच बसेल."

आता माणसं शेठकडे बघून हसली. शेठनी जीप सपाटीवर घेतली, बिजागऱ्या सैल केल्या आणि दार नव्याने बसवलं.

तुमच्या ओळखीत कुणाची पोरं जीपने जात असतील, तर त्यांना एवढं नक्की सांगा, दार बसवून घेताना आधी चाकं बघा.