विरजण न ठेवलेला संगणक

ऐका संगणका, तुमची कहाणी. कुमुदताईंच्या घरी एक म्हातारा संगणक होता. दूध उतू जाईपर्यंत तो सुरू होत नसे. पण वारलेल्या सासूबाईंच्या आवाजातली आरती त्याच्या पोटात होती. एकदा लिनक्स ही नवी कार्यप्रणाली घेऊन चिमुकला पेनड्राइव्ह आला आणि संगणकाला म्हणाला,

"आजोबा, आधी मला नुसतं चालवून बघा. पटलं तर जुन्याची प्रत काढा, मगच मला घरात घ्या. दही संपवतानाही विरजण ठेवतातच ना?"

"उपदेश पुरे, पोरा! सगळं पुसून टाक."

संगणक तरुण झाला, चुटकीसरशी उठू लागला.

शुक्रवारी कुमुदताई पूजेला बसल्या. "लाव बाबा, आमच्या सासूबाईंची आरती."

त्याने कोपरान्‌कोपरा धुंडाळला. सगळं लख्ख आणि रिकामं.

कुमुदताईंनी डोळे टिपले, स्वतःच आरती म्हटली. शेवटचं कडवं आठवेना. संगणकाने त्यांच्या आवाजातली होती तेवढी जपून ठेवली, दोन ठिकाणी.