उधोजीराजांची टाळी

“देवीचा रोग म्हणे एकाकडून दुसऱ्याकडे जातो! मग जाताना मला दाखवा! नाही दाखवलात, तर उद्या हा लस टोचणारा बाळकोबा सीमेपार आणि त्याच्या सुया विहिरीत!”

काटेगडच्या उधोजीराजांनी फर्मान सोडलं आणि मेहुण्याला, म्हणजे मामासाहेबांना, टाळी दिली. बोलता बोलता टाळी द्यायची राजांना भारी खोड! लसीत म्हशीच्या शिंगाची भुकटी असते आणि टोचून घेणाऱ्याला शेपूट फुटतं, हा शोध मामासाहेबांचाच. रोग वाईट वाऱ्याने येतो, हाही त्यांचाच. शोध लावायला मामासाहेबांना कधी काही पाहावं लागत नसे.

फर्मान ऐकून कुंकू करून विकणारी हौसा मात्र तडक घरी धावली. शेजारच्या आळीत देवी आल्या होत्या आणि तिच्या तान्ह्या बाळाला अजून टोचायचं राहिलं होतं. रोग जाताना दाखवायचा कसा? तिने हळदीच्या डब्याकडे पाहिलं, पापडखाराच्या डब्याकडे पाहिलं आणि ती खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात हजर! मुजरा करून तिने पाण्याने निथळता नारळ राजांच्या हातात ठेवला.

“महाराज, माझ्या बाळाला टोचायचं राहिलंय. मी रोग जाताना दाखवायला आले.”

“तू? मग दाखव की!”

“दाखवते. आधी मामासाहेबांना एक विचारू? बाळकोबानं स्वतःलाही टोचून घेतलंय. शेपूट फुटलं असतं, तर तो धोतर कसा नेसला असता हो?”

राजे खो खो हसले आणि त्यांनी मामासाहेबांना टाळी दिली. थट्टा आपली नाहीच असं दाखवायला मामासाहेबांनी मोठ्याने हसून कारभाऱ्यांना दिली. कारभाऱ्यांनी दारातल्या भीमा पैलवानाला दिली.

“आता हात पुढं करा!”

हौसाने प्रत्येकाच्या हातावर तांब्यातलं हळदीचं पाणी ओतलं. बघता बघता राजांचा तळवा लाल! मामासाहेबांचा लाल! कारभाऱ्यांचाही लाल! मामासाहेबांनी घाबरून मिशी चाचपली, तर मिशीही लाल!

“वाऱ्यानं! वाऱ्यानं झालं हे!” मामासाहेब ओरडले.

“वारा भीमालाही लागला की!” हौसा म्हणाली.

भीमाचा हात पिवळाच होता. राजांनी डोळे बारीक केले. “हा कसा सुटला गं?”

“नारळ पापडखाराच्या पाण्यात बुडवला होता, महाराज. हळदीला खार लागला की ती लाल होते. तुमच्या हातचा खार यांच्या हाती गेला, तो जाताना कुणाला दिसला? रोग असाच जातो. भीमाला मी आधीच हाताला तेल चोळायला लावलं होतं. खार आला, पण त्याला शिरायला जागाच मिळेना! लसीचं काम तेच.”

राजे असे हसले की गादीवरचा लोड घरंगळला!

“बोलवा बाळकोबाला! पहिली सुई हिच्या बाळाला, दुसरी मला, तिसरी मामासाहेबांना!”

“आणि मला शेपूट फुटलं तर?”

“तर माश्या हाकायला होईल!”

हौसाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या ओंजळीत टाकलं आणि लाल तळवा पुढे केला.

“शाब्बास पोरी! दे टाळी!”

हौसा झटकन मागे सरली.

“आधी हात धुवा, महाराज!”