तुळाजी लोहाराचे मत

डोंगराच्या पायथ्याशी, जिथे गाडीवाट संपून पायवाट लागते, तिथल्या एका गावात तुळाजी नावाचा लोहार राहत होता. त्याचा हात कामाचा होता आणि जीभ धारेची. विळा घडवून घ्यायला आलेला माणूस विळ्याबरोबर तुळाजीचे एखादे मतही घेऊन घरी जाई.

लग्नात किती पंगती उठवाव्यात, माहेरी परत आलेल्या लेकीला जमिनीत वाटा द्यावा की नाही, बांध कोरणाऱ्याला शिक्षा काय असावी, गावाची घाण ओढ्यात सोडावी का, अशा सगळ्या गोष्टींवर तुळाजीचे मत असे. आणि ते उगीच फेकलेले नसे. तो मनाचा सरळ माणूस होता. कच्चे लोखंड त्याने कधी पक्के म्हणून कोणाला दिले नव्हते. त्यानेच चावडीत उभे राहून दोन अजाण मुलींची लग्ने थांबवली होती. त्या मुलींचे बाप तेव्हा रागावले, पुढे त्यांनीच त्याला दुवा दिला. म्हणून गावाचा त्याच्यावर विश्वास होता. चावडीत वाद पेटला की पाटील शेवटी त्याच्याकडे वळून म्हणत, "तुळाजी, तुझं काय म्हणणं?" तो जे म्हणे तेच बहुतेक ठरे.

एका उन्हाळ्यात डोंगरातला झरा आटत चालला. गावाला पाणी त्याच झऱ्याचे. बायका घागर लावून बसत, ती भरता भरत नसे. डोंगरावरचे गवतही विरळ दिसू लागले होते. तुळाजीने भात्यावर बसल्या बसल्या त्याचा विचार केला आणि त्याचे मत बनले. दिवाळीनंतर दरसाल धनगरांचे कळप या डोंगरावर येतात. मेंढ्या गवत मुळापासून खातात. गवत गेले की पाणी मुरत नाही, आणि पाणी मुरले नाही की झरा आटतो. तेव्हा धनगरांना डोंगर बंद करावा. बोलायला सोपे आणि ऐकायला पटणारे मत होते.

चावडी भरली. त्या दिवशी मायाप्पा धनगरही तिथे आला होता. त्याचा बाप, त्याचा आजा याच वाटेने कळप घेऊन येत आले होते. गावातल्या निम्म्या शेतांत त्याच्या मेंढ्या बसत आणि त्यांच्या लेंड्यांवर ज्वारी तरारून येई. मायाप्पा बोलण्यातला माणूस नव्हता. खांद्यावरचे घोंगडे सावरत तो एवढेच म्हणाला, "तुळाजीदादा, मेंढरं गवत खातात, झरा पीत नाहीत. झरा का आटला ते मला सांगता येणार नाही. पण वाट बंद करण्याआधी एकदा वर येऊन बघा. मी दाखवतो."

तुळाजी हसून म्हणाला, "मायाप्पा, चोरी झाली की नाही हे बघायला मी चोराचाच हात धरून जाऊ काय?"

चावडी खदखदून हसली. मायाप्पा चावडीच्या पायऱ्या उतरून निघून गेला. त्याच बैठकीत ठराव झाला. धनगरवाटेच्या तोंडाशी बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले गेले.

पुढच्या पावसाळ्यानंतर डोंगरावर कमरेएवढे गवत उभे राहिले. लोक भट्टीपाशी थांबून तुळाजीची वाहवा करत. त्यालाही बरे वाटे. बरे वाटू नये असे त्यात काही नव्हते. त्याने आपल्यापरीने गावाचे भलेच केले होते. फक्त झरा मात्र होता तसाच राहिला. तुळाजी म्हणे, एवढ्यात काय होते, दोन पावसाळे जाऊ द्या.

दोन पावसाळे गेले. गवत खायला कोणी नव्हते, कापून आणावे तर चढ फार. जुन्या वाळक्या गवतातच नवे गवत उगवले, तेही वाळले. मोकळ्या जागांत घाणेरीची झुडपे माजली. खाली शेतात मेंढ्या बसेनाशा झाल्या होत्या, त्यामुळे ज्वारीची कणसे खुरटी निघाली. आणि चैत्र संपता संपता, भर दुपारी, डोंगराला वणवा लागला. वाळक्या गवतातून तो धावतच खाली आला. चार जणांच्या कडब्याच्या गंजी जळाल्या, गोठे जळाले, बांधलेली सहा जनावरे सुटू न शकल्याने मेली. माणसे वाचली एवढेच.

गाव संतापाने पेटले. वणवा लावला कोणी, तर धनगरांनी, असे कोणीतरी म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांच्या तोंडी झाले. डोंगर बंद केल्याचा सूड उगवला, दुसरे काय. मायाप्पावर तालुक्याला फिर्याद करायचे ठरले. कागद लिहून तयार झाला. पाटील तो घेऊन तुळाजीकडे आले. पहिली सही त्याची हवी होती, कारण त्याचे नाव असले की वरचे लोकही विश्वास ठेवतील असे सगळ्यांना वाटत होते.

तुळाजीने कागद वाचला. त्यात लिहिले होते की मायाप्पाला डोंगरावर आग लावताना पाहिले. कोणी पाहिले, ते लिहिले नव्हते. तो म्हणाला, "उद्या सही करतो." पाटलांना नवल वाटले, पण ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळाजी डोंगर चढला. तो वर गेल्याला बारा-तेरा वर्षे झाली असतील. राखेतून चालताना त्याचे पाय घोट्यापर्यंत काळे झाले. आग कुठून कुठे गेली याचा माग काढत काढत तो वर वर गेला. आगीशी ज्याचा जन्म गेला त्याला आगीची वाट वाचता येत होती. ती वाट झऱ्याच्या उगमाशी जाऊन थांबली.

तिथे तो बघतच राहिला. लहानपणी बापाबरोबर आला तेव्हा उगमावर उंबर-जांभळांची अशी दाटी होती की ऊन खाली उतरत नसे. आता तिथे एक झाड नव्हते. होते ते नुसते खुंट. काही जुने, पावसाने काळे पडलेले, काही अलीकडचे. जमीन उघडी पडून तिला भेगा गेल्या होत्या. खुंटांच्या मधोमध कोळशाची भट्टी होती, अर्धवट उघडलेली. भोवतालची राख सगळ्यात जाड तिथेच होती. ठिणगी उडाली होती ती इथून.

भट्टी कोणाची ते तुळाजीला विचारायची गरज नव्हती. गावातला निवृत्ती दर आठवड्याला कोळशाची पोती आणून त्याच्या दारात टाकत असे. कठीण लाकडाचा, चांगली धग देणारा कोळसा. गेली दहा वर्षे तुळाजी तोच कोळसा जाळत होता, आणि त्याच्याच उबेला बसून झरा का आटला याबद्दलचे मत सांगत होता.

तो तिथेच एका खुंटावर बसला. मायाप्पा म्हणाला होता, वर येऊन बघा. त्यावर आपण काय बोललो ते आणि लोक कसे हसले ते त्याला आठवले, आणि एकटा असूनही त्याने मान खाली घातली.

उतरताना निवृत्ती वाटेत भेटला. तुळाजी कुठून येतो आहे हे पाहताच त्याचा चेहरा उतरला. भट्टी नीट विझवली नव्हती, वारा सुटला, असे त्याने रडत रडत सांगितले. आता गाव आपल्याला जगू देणार नाही म्हणून तो तुळाजीच्या पाया पडू लागला. तुळाजीने त्याला उठवले. तुझ्या एकट्याच्या अंगावर हे येणार नाही, असे सांगून तो तसाच, काळ्या पायांनी, चावडीवर गेला.

लोक जमलेलेच होते. पाटलांनी कागद पुढे केला. तुळाजीने तो घेतला नाही. ज्या जागी उभा राहून तो मायाप्पाला हसला होता, तिथेच उभे राहून त्याने सगळे सांगितले. झऱ्यावरची झाडे तुटली म्हणून झरा आटला. ती झाडे कोळशासाठी तुटली. कोळसा आपल्या भट्टीत जळला. गवत वाढून वाळले ते आपण मेंढ्या बंद केल्या म्हणून, आणि वणवा एवढा भडकला तो त्या गवतामुळे. ठिणगी निवृत्तीच्या हातून पडली, पण आपण कोळसा मागितला नसता तर तो तिथे गेलाच नसता. ज्यांचे गोठे जळाले त्यांचे खिळे, कड्या, कोयंडे आपण फुकट घडवून देऊ, आणि यापुढे आपल्या भट्टीत फक्त बांधावरच्या वेड्या बाभळीचा कोळसा जळेल, असेही तो म्हणाला. मायाप्पाला चोर म्हटले होते, तेही त्याने मागे घेतले.

काही जणांना राग आला, काहींना लाज वाटली. पाटील हळूच म्हणाले, "तुळाजी, हे तुला कोणी विचारलं होतं का? सही केली नसतीस तरी भागलं असतं."

"कोणी विचारलं नाही हेच तर," तुळाजी म्हणाला. "माझं मत तुम्ही न तपासता घेता. मग ते चुकलं तर मीच सांगायला नको का?"

पाटलांनी कागदाकडे पाहिले, आणि मग तो फाडून टाकला. दुसऱ्या दिवशी धनगरवाटेवरचे कुंपण काढायला तुळाजी गेला तेव्हा त्याला वाटले होते, एकट्यालाच काढावे लागेल. पण पाच-सहा जण आधीच काटे ओढत होते. निवृत्तीही त्यांत होता.

पेरण्या उरकल्यावर, औतांची कामे थांबल्यावर, तुळाजी तीन दिवस चालून मायाप्पाच्या गावी गेला. मायाप्पा लोकर कातरत होता. त्याने पाहुण्याला घोंगडे टाकून बसायला दिले, पाणी दिले, आणि पुन्हा कातरत राहिला. तुळाजीने बोलायचे ते बोलून टाकले. चुकलो म्हणाला, चोर म्हणालो ते भरल्या चावडीत मागे घेतले आहे म्हणाला.

मायाप्पाने मेंढी सोडली. "वाट बंद झाली तेव्हा आम्ही लांबच्या घाटानं गेलो," तो म्हणाला. "कोकरं पुष्कळ मेली. आणि माझी आई त्या घाटातच गेली. तिला तो चढ झेपला नाही."

तुळाजीला हे ठाऊक नव्हते. आपण हे गावाच्या भल्यासाठी केले, असे तो म्हणू शकला असता, आणि ते खोटेही नव्हते. पण ते तो म्हणाला नाही. मायाप्पाने आईबद्दल जे जे सांगितले ते सगळे त्याने ऐकून घेतले. माफ केले असे मायाप्पा म्हणाला नाही. निघताना मात्र त्याने वाटेसाठी भाकरी बांधून दिली.

दिवाळीनंतर महिना गेला. कळप येतो की नाही याची कोणालाच खात्री नव्हती. मग एका सकाळी डोंगराच्या सोंडेवरून मेंढ्या उतरू लागल्या, आणि लोक त्या आपापल्या शेतात बसवण्यासाठी धनगरांना बोलवायला धावले. त्या वर्षी उगमावर गावाने उंबराच्या फांद्या आणि जांभळाची रोपे लावली. मायाप्पाने आपल्या माणसांना बजावून ती कुंपणात राखली. झऱ्याला पूर्वीसारखे पाणी यायला पुढे बरीच वर्षे लागली.

तुळाजीची मते काही संपली नाहीत. तो पूर्वीइतकाच बोलत असे आणि लोक पूर्वीइतकेच ऐकत. काही वर्षांनी चावडीत एक प्रश्न आला. नवरा वारलेल्या एका बाईला पाणवठ्याजवळ चुरमुऱ्या-फुटाण्यांचे दुकान मांडायचे होते. कोणी म्हणे द्यावी जागा, कोणी म्हणे बाईमाणसाने रस्त्यावर बसू नये. वाद वाढला, तेव्हा पाटील सवयीने वळले आणि म्हणाले, "तुळाजी, तुझं काय म्हणणं?"

तुळाजीने बसलेल्या लोकांवरून एकदा नजर फिरवली.

"ती बाई इथं दिसत नाही," तो म्हणाला. "तिला बोलवा. तिचं ऐकू द्या, मग मी बोलतो."

तात्पर्य: ज्याच्या जगण्यावर आपले मत पडणार आहे, त्याचे आधी ऐकावे आणि जाऊन डोळ्यांनी पाहावे, आणि मत चुकलेच, तर जिथे ते मांडले त्याच जागी, तितक्याच मोठ्या आवाजात, ते मागे घ्यावे.