उपडी वाटी

एका नदीकाठच्या गावात एक घटका मोजणारा राहत होता. तेव्हा घड्याळं नव्हती. देवळाच्या ओसरीवर पाण्याने भरलेलं घंगाळ असायचं आणि त्यात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. वाटी हळूहळू भरून बुडाली की एक घटका झाली. मग हा काशाच्या थाळीवर टोला द्यायचा, आणि त्या टोल्यावर सारा गाव चालायचा.

माणूस कामाला चोख, पण राग नाकाच्या शेंड्यावर. जिभेला हाड नसतं म्हणतात, ते याच्याकडे बघूनच म्हणत असावेत.

वाटी त्याच्या आजोबांची होती, आणि तिच्यात एक गंमत होती. बुडायच्या आत ती उचलून उपडी केली, की तीच घटका पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. घडलेलं सगळं पुसलं जायचं, आणि त्याच्याशिवाय कोणाला काही आठवायचं नाही. कसं, ते मला विचारू नका.

मग काय, त्याचं चांगलंच फावलं. आधी तोंडाला येईल ते बोलायचं, समोरचा दुखावला की वाटी उपडी करायची, आणि दुसऱ्या खेपेला गोड बोलायचं. गाव म्हणे, काय शांत माणूस आहे.

एकदा मात्र त्याने एक पाहिलं. समोरच्या शेतात पाखरांसाठी जाळं लावलं होतं. पहिल्या खेपेला एक होला त्यातून निसटला. याने वाटी उपडी केली, आणि दुसऱ्या खेपेला तोच होला अडकला. त्याला वाईट वाटलं, पण त्याने मान फिरवली.

एके दुपारी बायको भाकरी घेऊन आली. जरा उशीर झाला होता.

"उशीर करायचं तेवढं आईने बरं शिकवलंय तुला," तो म्हणाला.

तिने भाकरी खाली ठेवली. "आता आईकडेच जाते," म्हणाली आणि पलीकडच्या काठाला जायला होडीच्या वाटेने निघून गेली.

तिच्याशिवाय त्याचं कोणी नव्हतं. त्याने वाटीला हात घातला.

तेवढ्यात ओलाचिंब नावाडी देवळात आला. त्याच्या कडेवर कुंभाराची लहानगी मुलगी कुडकुडत होती. मागून कुंभार डोळे पुसत आला.

"आत्ताच पाण्यात पडली," नावाडी म्हणाला. "केस हाताला लागले म्हणून वाचली. वीतभर चुकलो असतो तर गेलीच होती."

वाटी काठोकाठ भरत आली होती. आता उपडी केली, तर ही पोर पुन्हा पाण्यात. आणि या खेपेला नावाड्याचा हात चुकला तर? त्याला तो होला आठवला.

त्याने हात मागे घेतला. वाटी बुडाली. त्याने टोला दिला, "पुढची घटका तू बघ" म्हणत दांडा कुंभाराला दिला आणि धावत सुटला.

नावाडी देवळात, म्हणून होडी अजून काठालाच होती. बायको घाटाच्या पायरीवर बसली होती.

"चुकलो मी," तो म्हणाला. हे शब्द त्याने कित्येक वर्षांत उच्चारले नव्हते.

"बोललात ते बोललातच."

"हो. ते आता पुसता येत नाही. म्हणून तर आलो."

ती पायरीवरून उठली. "आठ दिवस माहेरी राहीन," ती म्हणाली. "मग न्यायला या. आणि हेच आईसमोर बोला."

आठव्या दिवशी तो गेला, सासूसमोर हात जोडून बोलला, आणि बायको घरी आली. वाटी त्याने पुन्हा उपडी केली नाही. जीभ आवरायला मात्र त्याला पुढे बरीच वर्षं लागली.

तात्पर्य एवढंच: आपली चूक पुसायला दुसऱ्याची घटका वापरू नये. चार पावलं चालत जावं आणि माफी मागावी.