चमचाभर विरजण

कधीकाळी एका गवळ्याच्या घरात दह्याचं थोरलं गाडगं शिंक्यावर तोऱ्यात झुलत असे. शेजारच्या शिंक्यात दुधाचं नवं बुडकुलं आलं, तसं गाडगं म्हणालं, "तू दूध मला देत जा. दही लावणं माझं काम."

"मामा, मलाच चमचाभर विरजण द्या. नाहीतर दूध नासेल."

हे दही लावायला लागलं, तर आपल्याला कोण विचारणार? पण गाडगं स्वतःच काठोकाठ भरलेलं, आणि डोळ्यांदेखत दूध नासताना त्याला पाहवेना. कुरकुरत त्यानं चमचाभर दिलं.

पुढे एका कडक उन्हाळ्यात गाडग्यातलं दही पार खराब झालं. गवळ्यानं ते धुऊन त्यात ताजं दूध भरलं, पण विरजण कुठलं? मागायची त्याला लाज वाटली.

"मामा, घ्या चमचाभर," बुडकुलं म्हणालं. "तुमचंच आहे. माझ्याकडे जरा गोड झालंय, एवढंच."